विल्फची पाठ

१

टँडम सायकलवर मागे बसणाऱ्या बाईला सगळ्यात आधी काय पाठ होत असेल, तर पुढच्याची पाठ. बाकीचा देश तिला डाव्या-उजव्या बाजूनं तुकड्यातुकड्यांनी दिसतो. कुंपण, गाय, कुंपण, चर्च, पुन्हा कुंपण. समोर मात्र मैलोनमैल एकच पाठ.

माझ्यासमोर विल्फची असायची. निळी लोकरी जर्सी, उन्हानं भाजून लाल झालेले दोन कान, आणि उजव्या खांद्याखाली मी केलेलं रफू. लोकरीचा रंग जुळला नव्हता, त्यामुळे ते रफू दुरूनही ओळखू यायचं.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी किडरमिन्स्टरमध्ये गालिच्यांच्या गिरणीत तयार माल तपासायला होते. टेबलावरून नक्षी सरकत जायची आणि एखादा टाका चुकलेला दिसला की त्यावर बोट ठेवायचं, एवढंच माझं काम. विल्फ रेल्वेच्या मालधक्क्यावर होता. सहा दिवस धूळ, धूर, आणि त्याच्या आईच्या घरातली माडीवरची खोली. ती एवढीशी, की कपाट उघडायचं तर एकाला पलंगावर चढून बसावं लागे. रविवार उजाडला की आम्ही जिन्याखालून टँडम ओढून काढायचो. सायकल एकच, पण सीट दोन, हँडल दोन, पायडलं चार. वळवायचं पुढच्यानं, ब्रेक पुढच्याकडे, रस्ता बघायचा पुढच्यानं. मागच्याच्या हातातलं हँडल वळत नाही, ते नुसतं धरायला असतं. मागच्यानं पायडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा.

विल्फ त्याची भरपाई ओरडून करायचा. "खड्डा!" "डावीकडे घेतोय!" "मेंढ्या!" एकदा तो "पाद्रीबुवा!" असं ओरडला, आणि खरोखरच कडेला एक पाद्रीबुवा बाह्या सरसावून पंक्चर काढत बसले होते. पुढचा मैलभर आम्हाला हसण्यापायी सायकल सरळ चालवता आली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टँडमची चारही पायडलं चेनीनं एकमेकांना बांधलेली असतात. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच. त्यामुळे पुढच्याच्या पायात काय चाललंय ते मागच्याला तळव्यातून कळतं. विल्फचा डावा गुडघा इटलीत, लढाईत फुटला होता. सर्जननं जोडला, पण तो पुरता वाकायचा नाही. प्रत्येक फेऱ्यात डावा पाय वर आला की बारीकसा अडखळा यायचा. टक्. पुन्हा फेरा, पुन्हा टक्. मला त्याची इतकी सवय झाली होती, की गिरणीच्या खडखडाटात उभी असतानाही तो माझ्या तळव्यात चालू असायचा.

२

साखरेचं रेशन उठल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. तो जूनमधला रविवार इतका छान उजाडला, की विल्फची आईसुद्धा खिडकीतून म्हणाली, "जा बाबांनो, आज घरात बसलात तर देव विचारील."

आमचा क्लब होता पंधरावीस जणांचा, आणि त्याचा म्होरक्या होरेस. तो खाटीक होता. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची आणि पोट हँडलवर टेकायचं.

"काय रे विल्फ," त्यानं निघतानाच सुरुवात केली, "बायको मागे बसून पायडल मारते, का विणकाम करते?"

"होरेस, तू आपला पुढेच राहा," मी म्हणाले. "तुझ्या मागे वारा अजिबात लागत नाही."

सगळे खिदळले. होरेसनं शिट्टी फुंकली आणि आम्ही पश्चिमेला सुटलो. शहर मागे पडलं तसा धुराचा वास गेला, आणि मग कापलेल्या गवताचा आला. कुंपणांवर रानगुलाब फुटले होते. कुठेतरी कोकिळ ओरडत होता आणि विल्फ त्याला उत्तर देत होता, चुकीच्या सुरात. विल्फ गायला लागला की क्लबमधले लोक आपणहून अंतर ठेवायचे. सूर म्हणजे काय हे त्याला आयुष्यात कळलं नाही, आणि त्यामुळे त्याचं काही अडलंही नाही.

दुपारी होरेसनं टेकड्यांवरून जायचं ठरवलं. विल्फनं गुडघ्यावर हात ठेवून मान हलवली.

"आम्ही खालून येतो, नदीकाठानं. पाच वाजता चौरस्त्यावर भेटू."

"मिसेस टॉलीकडे स्ट्रॉबेऱ्या खायला चाललात, सरळ सांगा की," होरेस म्हणाला. "गुडघ्याचं नाव कशाला पुढे करतोस?"

विल्फनं दोन्ही हात जोडून कबुली दिली, आणि आम्ही दोघंच वळलो.

३

मिसेस टॉलींचं घर उताराच्या माथ्यावर होतं. एका बाजूला चेरीची बाग, दुसऱ्या बाजूला नदीकडे उतरत जाणारी गल्ली, दोन्हीकडे उंच कुंपणांची. त्या घरात सायकलवाल्यांना चहा मिळायचा. पुढच्या खोलीत तीन टेबलं, बंद पियानो, त्यावर शिंपल्यांचा डबा. खिडकी उघडी असली तरी खोलीत थोडा रॉकेलचा आणि थोडा केकचा वास असायचा. भिंतीवरचं घड्याळ फार हळू टोले द्यायचं, जणू मधेच विसरून पुन्हा आठवत असावं.

त्या दिवशी आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. स्ट्रॉबेऱ्या आल्या, त्यांवर घट्ट साय आली, आणि वर साखर, पाहिजे तेवढी. विल्फनं साखरेच्या भांड्यात चमचा असा बुडवला, जसा एखादा माणूस समुद्रात उडी टाकतो.

"विल्फ, लोक बघतायत."

"कोण? पियानो?"

मिसेस टॉली दारात उभ्या राहून हसत होत्या. त्या सगळ्यांनाच बाळ आणि पोरी म्हणायच्या. "खा रे बाळा, खा. आणि जाण्याआधी जरा माझा पाण्याचा पंप मारून दे. आज फार जड चाललाय. तुमच्या बाटल्याही भरून घे."

विल्फ बाटल्या घेऊन मागच्या अंगणात गेला. मी पुढच्या बाजूला आले. टँडम भिंतीला टेकलेली होती. मिसेस टॉलींनी घरी न्यायला स्ट्रॉबेऱ्यांची छोटी करंडी दिली होती, ती मागच्या कॅरिअरला बांधायला मी खाली वाकले. दोरी आखूड पडत होती. मागून पंपाचा आवाज येत होता, कुईऽ, धप्, कुईऽ, धप्. आत घड्याळानं टोला दिला. ऊन मानेवर मऊ पडलं होतं आणि माझ्या जिभेवर अजून साय होती. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मी गाठ मारत होते तेवढ्यात सायकल सरळ झाली. पुढे कोणीतरी बसलं की ती होते तशी. विल्फ नेहमी आधी बसायचा, एक पाय जमिनीला टेकून सायकल धरायचा, आणि मग मी चढायची.

"चल?" तो म्हणाला.

"चल," म्हणून मी पाय टाकला आणि बसले. समोर निळी जर्सी आणि लाल कान. आम्ही निघालो, आणि नदीकडच्या गल्लीत शिरलो.

पाठीमागे पंप चालूच होता. कुईऽ, धप्. मला वाटलं, आता मिसेस टॉली स्वतःच मारतायत.

४

तो उतार कसा होता हे मी अजूनही लोकांना सांगते, आणि त्यांना ते ऐकून सायकल घ्यावीशी वाटते.

रस्ता दुधासारखा गुळगुळीत होता. दोन्हीकडची कुंपणं इतकी उंच, की वर फक्त आभाळाची निळी पट्टी. कुंपणांत पांढरी फुलं, त्यांचा मधाळ वास, आणि वारा बरोबर पाठीशी. खरं तर उतारावर पायडल मारायची गरज नसते, चाक आपलं आपण टिकटिक करत पळतं. पण आम्ही मारत होतो, केवळ मजा म्हणून. आणि काय मजा होती! पाय असे फिरत होते जणू लोण्यात फिरतायत. मी डोकं मागे टाकून हसले. केस सुटले, ते सुटू दिले.

विल्फनं क्लबचं गाणं सुरू केलं. मीही लागले गायला. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही एका आवाजात गात होतो, तो खालच्या पट्टीत, मी वरच्या. आमचा आवाज कुंपणांवरून परत यायचा तो चर्चमध्ये घुमावा तसा.

"विल्फ," मी ओरडले, "आज तुला झालंय तरी काय? सुरात गातोयस!"

तो नुसता हसला. हसणंही छान होतं.

मी विचार केला, उन्हानं होत असेल. स्ट्रॉबेऱ्यांनी होत असेल. सुखी माणूस एखाद्या दिवशी सुरात गातही असेल.

५

मग माझ्या लक्षात आलं की तळव्यात काहीतरी कमी आहे.

काय कमी आहे ते आधी कळेना. घड्याळ बंद पडलं की खोलीत कसं होतं, तसं वाटत होतं. मी पायांकडे मन लावलं. फेरा, फेरा, फेरा. डावा पाय वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला, खाली गेला. अडखळा नव्हता.

मला आनंदच झाला आधी. खरंच झाला. गरम हवेत सांधे मोकळे होतात, डॉक्टरही म्हणाले होते. मी पुढे झुकून विचारलं, "काय रे, आज गुडघा अगदी बरा दिसतोय?"

"कुठला गुडघा?" तो म्हणाला. आवाज विल्फचाच, हसरा, लाडातला.

आता विल्फला थट्टेची खोडच होती. मीही हसले. पण हसता हसता माझे डोळे त्याच्या पाठीवर गेले, आणि मी गिरणीत करायचे तेच आपोआप करू लागले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक ओळ. उजव्या खांद्याखाली आले. लोकर सरळ विणलेली होती. एक रंग, एक वीण. रफू नव्हतं.

दुसरी जर्सी असेल, मी स्वतःला म्हणाले. पण त्याच्याकडे दुसरी नव्हती. उन्हामुळे रंग सारखा दिसत असेल. घामानं भिजली असेल. मी कारणं शोधत राहिले, आणि पाय फिरत राहिले, आणि वारा इतका गोड होता, की कारणांपेक्षा मला वाराच खरा वाटत होता. खड्डा म्हणून तो एकदाही ओरडला नव्हता. ओरडण्यासारखा खड्डाच आला नव्हता. उतार संपतही नव्हता. नदी तर मिसेस टॉलींच्या खिडकीतून दिसायची, हाकेच्या अंतरावर. आम्ही तीन कडवी गायलो होतो, मग चौथं, मग पुन्हा पहिल्यापासून.

गिरणीत पहिल्याच आठवड्यात आमच्या मुकादम बाईंनी शिकवलं होतं, माणसाच्या हाताखालून गेलेल्या मालात कुठे ना कुठे चूक सापडतेच, नाही सापडली तर पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं. मान, कान, खांदे, कोपर. त्या पाठीत एकही चूक नव्हती.

मला फार थंडी वाजली. भर उन्हात.

६

तेवढ्यात मागून, खूप वरून, हाक आली.

"आय...व्ही!"

आवाज फाटलेला होता. धाप लागलेला आणि बेसूर. तसा बेसूर आवाज सगळ्या वूस्टरशर परगण्यात एकाच माणसाचा होता.

"आयव्ही! थांब!"

मी मान वळवायला लागले.

"मागे बघू नकोस हं," पुढचा म्हणाला, अगदी सहज. "तोल जाईल."

आणि यात चूक काहीच नव्हती. टँडमवर मागच्यानं वळून बघितलं की तोल जातोच. विल्फनं मला हे शंभरदा सांगितलं होतं, याच शब्दांत. त्यानं पुन्हा गाणं धरलं, जरा मोठ्यानं. मागची हाक त्या गाण्याखाली बुडायला लागली.

माझ्याकडे ब्रेक नव्हता. हँडल वळत नव्हतं. पुढे ती सुरेख पाठ होती, आणि खरं सांगते, उतरावंसं वाटत नव्हतं. पाय अजून लोण्यात फिरत होते. पण मागून तो मोडका आवाज पुन्हा आला. या वेळी त्यात माझं नावही नव्हतं, नुसता ओरडा होता, धावताना पडलेल्या माणसाचा.

मी डावा पाय पायडलवरून काढला, डोळे मिटले आणि कुंपणाखालच्या गवताच्या बांधावर अंग टाकलं.

खाजरी झुडपं, माती, पुन्हा झुडपं. कोपर सोललं. करंडी माझ्यासोबत कशी आली कोण जाणे, पण माझ्या मांडीवर स्ट्रॉबेऱ्या होत्या. डोळे उघडले तेव्हा टँडम वळणाशी पोचली होती. मागच्या रिकाम्या सीटखाली पायडलं तशीच लयीत फिरत होती. पुढच्यानं मागे वळून पाहिलं नाही. गाणं वळणापलीकडे गेलं आणि मग कोकिळ ऐकू यायला लागला.

७

विल्फ आला तो लंगडत, एका हातात पाण्याची बाटली, पँट गुडघ्यावर फाटलेली. त्यानं मला इतकं घट्ट धरलं की सोललेलं कोपर दुखलं, आणि मी त्याला तसंच धरू दिलं. त्याच्या खांद्यावरचं रफू माझ्या गालाला टोचत होतं. इतकं वाईट रफू जगात कोणी केलं नसेल.

"मी पंपावरून आलो तर तू निघालेली," तो म्हणाला. "मोठमोठ्यानं हसत. कोणाशी बोलत होतीस तू?"

"तुला पुढे कोण दिसलं?"

"तू मधे होतीस," तो म्हणाला. "मला फक्त तुझी पाठ दिसली."

त्यानं चुरगळलेल्या पानांचा रस माझ्या खाजणाऱ्या हातांना चोळला. माझ्या मांडीवरची एक स्ट्रॉबेरी खाल्ली. मग आम्हा दोघांनाही एकदम हसू फुटलं, वेड्यासारखं, बांधावर बसल्या बसल्या. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "सायकल आणायला हवी."

"हवी," मी म्हणाले. दोघंही उठलो नाही. मग उठलो.

हात धरून आम्ही ते वळण ओलांडलं. पलीकडे कुरणाचं फाटक होतं, त्यापुढे नदी. बस, एवढंच. वर पाहिलं तर मिसेस टॉलींची चिमणी दिसत होती. सगळा उतार आमच्या घरासमोरच्या गल्लीएवढाही नव्हता.

टँडम फाटकाला नीट टेकून ठेवलेली होती, एखाद्या व्यवस्थित माणसानं ठेवावी तशी. वर मोठ्या झाडाची गार सावली होती. विल्फनं हँडल धरलं आणि लगेच हात काढला.

"काय झालं?"

"गरम आहे. मुठीपाशी." त्यानं वर झाडाकडे पाहिलं.

तो बसायला गेला तर त्याचे पाय जमिनीला पुरेनात. पुढची सीट वर चढवलेली होती. चांगली वीतभर. तिचा नट गच्च आवळलेला होता. आमचा पाना सीटखालच्या पिशवीत होता आणि पिशवीचा पट्टा मी सकाळी बांधला तसाच होता.

"पोरांनी केलं असेल," विल्फ म्हणाला.

"कुठल्या पोरांनी?"

"मला काय माहीत कुठल्या! पोरं असतात गावात." तो पाना काढून नटाशी झटायला लागला. मी त्याच्याकडे न बघता नदीकडे बघत राहिले. सीट खाली आली. पण तो बसला नाही.

"तू पुढे बस," तो म्हणाला.

"मी? मला वळवता कुठे येतं?"

"शिक."

"विल्फ, आपण खड्ड्यात जाऊ."

"जाऊ. ओरड मात्र आधी." मग हळू आवाजात म्हणाला, "तू मला समोर दिसायला हवीस, आयव्ही."

म्हणून मी पुढे बसले. त्या दिवसापासून म्हातारपणी टँडम विकेपर्यंत पुढे मीच बसत आले. होरेसनं त्यावरून आम्हाला जन्मभर पिडलं, पण ते पुढचं. तेव्हा मी पहिल्या दहा हातांतच सायकल कुंपणात घातली, दुसऱ्या वेळी फाटकात. विल्फ मागून ओरडला, "फाटक!" आणि मी म्हणाले, "दिसतंय मला!" आणि आम्ही पुन्हा हसत सुटलो. आणि मग ती सरळ चालायला लागली. अरे देवा, समोर रस्ता असतो! इतके उन्हाळे मी देश फिरले आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं की समोरून येणारा रस्ता असा आपल्या अंगावर धावत येतो, वारा सरळ तोंडावर बसतो. मला ओरडावंसं वाटलं, म्हणून मी ओरडले. "चढ!"

८

कारण चौरस्त्याला जायला तीच गल्ली चढून जायला हवी होती. फाटकाला कुलूप होतं, त्यामुळे नदीकाठची वाट बंद होती.

चढ सुरू झाला आणि मी दात खाऊन जोर लावला. पण जोर लावावा लागेना. सायकल आरामात वर चालली होती. उन्हं कलली होती, कुंपणांच्या सावल्या रस्त्यावर आल्या होत्या, आणि आम्ही त्यांतून सुळकन वर निघालो होतो.

"विल्फ, पुरे," मी म्हणाले. "एवढा जोर नको लावूस. गुडघ्याला जप."

मागून चेनीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"विल्फ?"

"आयव्ही," तो अगदी हळू म्हणाला, "तू मारतेयस ना?"

"मी नुसते पाय ठेवलेत. तूच मारतोयस."

"माझे पाय पायडलवर नाहीयेत. गुडघा ठणकतोय म्हणून मघाशीच उचलले. मला वाटलं, तू मारतेयस."

मी खाली पाहिलं. मग माझे दोन्ही पाय उचलले, आधी डावा, मग उजवा, आणि चांगले दूर धरले.

चारही रिकामी पायडलं फिरत होती. सारखी, शांत, न अडखळता. सायकल चढ चढत होती.

माझी बोटं ब्रेकवर होती. दाबायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण उतरलं तर त्या गल्लीत उभं राहावं लागणार होतं, आणि वर माथ्यावर ऊन होतं, मिसेस टॉलींच्या भिंतीवर आमची दुसरी बाटली ठेवलेली चमकत होती. शिवाय, कसं सांगू, लहानपणी वडील पाठीमागून सायकल धरून पळायचे ना, तसं वाटत होतं. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी हसू ओठांवर आलं होतं. विल्फनं मागून माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला. आम्ही चार पाय हवेत पसरून, एखाद्या बेडकासारखे, तो चढ चढलो.

माथ्यावर आलो आणि सायकल एकदम जड झाली. डगमगली. आम्ही पटकन पाय टेकले.

विल्फ समोर बघत होता, फक्त समोर. त्यानं टोपी काढली. चढावर ज्यानं ढकललं त्याचे आभार मानले पाहिजेत, असं त्याला वाटलं असावं. तो तसाच होता. "फार उपकार झाले," तो हवेत म्हणाला आणि टोपी घातली.

मी मात्र वळून पाहिलं.

गल्लीतून एक जण खाली चालला होता. चालला म्हणजे, बसलेला होता. उंच, ताठ, निळ्या जर्सीत. गुडघे लयीत वरखाली होत होते, पाय गोल फिरत होते, दोन्ही मुठी पुढे धरलेल्या. आणि त्याच्याखाली काही नव्हतं. चाक नाही, सीट नाही, नुसता रस्ता, आणि रस्त्यावर कुंपणाच्या सावल्या. आवाज अजिबात नव्हता. झाडाच्या सावलीत शिरताना त्यानं उजवा हात वर केला, पाठमोराच.

रस्त्यावर एखाद्या सायकलवाल्यानं हात केला, तर आपणही करायचा, एवढं आमच्या अंगात भिनलेलं असतं. माझा हात केव्हा वर गेला मला कळलंही नाही.

"कोणाला हात केलास?" विल्फनं विचारलं. तो अजून समोरच बघत होता.

"क्लबमधलं असेल कोणी," मी म्हणाले, आणि जीव खाऊन पायडल मारलं.